ऑक्टोपसचा फोटो काढण्याआधी त्याची कातडी वाचायला शिका

पाण्याखाली काढलेल्या ऑक्टोपसच्या कितीतरी फोटोंमध्ये एक घाबरलेला प्राणी असतो. अंग पांढरंफटक पडलेलं, डोळ्यांभोवती काळं कडं, भुजांच्या मधलं कातडं ताणून पसरलेलं. बघणाऱ्याला वाटतं, काय रुबाबदार पोझ दिली आहे! प्रत्यक्षात तो समोरच्या डायव्हरला मागे हो म्हणून सांगत असतो. हा निरोप कळला नाही की फोटोग्राफर आणखी पुढे सरकतो, ऑक्टोपस शाई सोडून पळतो आणि मग उरलेल्या डायव्हमध्ये तो काही पुन्हा दिसत नाही.

लेन्स कोणती घ्यावी, स्ट्रोब (म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश) कुठे धरावा यावर डायव्हर मंडळी तासन् तास बोलतात. पण ज्याचा फोटो काढायचा त्याच्या शरीराबद्दल फार कमी बोललं जातं, आणि ऑक्टोपसच्या बाबतीत हे फारच महागात पडतं. कारण या प्राण्याच्या डोक्यात काय चाललंय ते त्याच्या अंगावर उमटतं. ते वाचता आलं तर पुढे सरकायचं कधी, थांबायचं कधी आणि निघून जायचं कधी हे तोच सांगतो. त्याने तुमच्याकडे दुर्लक्ष करून आपलं काम सुरू केलं की खरा फोटो मिळतो. बाकी सगळी तिथवर पोचायची तयारी.

बीळ कसं शोधायचं

ऑक्टोपसच्या सुमारे ३०० जाती माहीत आहेत आणि त्यातल्या पुष्कळशा रात्री बाहेर पडतात. सुरुवात करणाऱ्यासाठी मात्र एक जात अगदी सोयीची आहे. डायव्हर तिला ‘डे ऑक्टोपस’ म्हणतात. शास्त्रीय नाव ऑक्टोपस सायनिया. हा दिवसाउजेडी शिकार करतो, भुजा धरून मीटरभर लांब भरतो आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट हवाईपर्यंतच्या प्रवाळांमध्ये राहतो. आपल्याकडे तो अंदमानात आणि लक्षद्वीपमध्ये आहे. तारकर्लीला डायव्हिंग शिकून पुढे कॅमेरा घेऊन अंदमानला जाणारे मराठी डायव्हर आता बरेच आहेत. त्यांनी पहिल्यांदा याच्या मागावर राहावं असं मला वाटतं. ओळखायची खूण म्हणजे डोळ्याच्या खाली, भुजांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना असलेला एकेक गडद गोल डाग.

प्रवाळावर नजर फिरवून ऑक्टोपस दिसेल अशी आशा धरू नका. त्याचा उकिरडा शोधा. ऑक्टोपस शिकार बरेचदा बिळात आणून खातो आणि उरलेलं दारातच टाकतो. खडकाच्या कपारीसमोर खेकड्यांच्या पाठी, नांग्यांचे तुकडे, शिंपल्यांच्या उघड्या जोड्या आणि रिकामे शंख यांचा छोटासा ढीग दिसला की थांबायचं. ढीग नीट निरखा. शिंपल्यांवर शेवाळ चढलेलं असेल तर घर जुनं, बहुधा रिकामं. आतला भाग अजून चकचकीत असेल तर मालक आत आहे किंवा जवळपास आहे. एखाद्या शिंपल्यावर जेमतेम मिलिमीटरभर व्यासाचं, अगदी नेटकं भोक दिसेल. शिंपला ओढून उघडला नाही तर ऑक्टोपस कवचाला भोक पाडतो आणि आत विषारी लाळ सोडून शिंपल्याचे स्नायू ढिले करतो. हा शिंपला मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेणाऱ्या) लेन्सने टिपण्यासारखा असतो आणि घराचा मालक समोर नसतानाही त्याची गोष्ट सांगतो. फक्त उचलून घरी नेऊ नका.

बिळाच्या तोंडाशी एकसारखे दगड रचलेले दिसतील. तेही त्यानेच आणून लावलेले असतात. त्यांच्या फटीतून एक डोळा तुमच्याकडे बघत असेल, आणि त्याने तुम्हाला तुमच्या आधी बघितलेलं असतं हे गृहीत धरूनच पुढचं सगळं करायचं.

रंग बदलतो म्हणजे नेमकं काय होतं

ऑक्टोपसच्या कातडीत लाखो इवल्या रंगपिशव्या असतात. कुणात पिवळा रंग, कुणात तांबूस, कुणात काळपट तपकिरी. प्रत्येक पिशवीला चहूबाजूंनी बारीक स्नायू जोडलेले असतात. स्नायू आखडले की पिशवी चारी बाजूंनी ओढलेल्या चादरीसारखी पसरते आणि रंग दिसू लागतो. स्नायू सैल झाले की ती आकसते आणि रंग जवळजवळ नाहीसा होतो. या स्नायूंना मेंदूकडून थेट मज्जातंतू जातात. म्हणून हा सगळा बदल सेकंदाच्या आत होतो. आणि म्हणूनच ऑक्टोपसच्या अंगावरची नक्षी ही त्या क्षणी त्याच्या मेंदूने घेतलेला निर्णय असते.

हे किती वेगाने चालतं याची मोजणी झालेली आहे. रॉजर हॅनलन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शिकारीला निघालेल्या डे ऑक्टोपसने तासाला सरासरी १७७ वेळा, म्हणजे मिनिटाला जवळजवळ तीन वेळा, रूप बदलल्याची नोंद आहे. फोटोग्राफरसाठी याचा सरळ अर्थ असा की स्ट्रोब पूर्ण ताकदीवर ठेवून बसू नये. एक फ्लॅश मारून पुढच्यासाठी तो चार्ज होईतो समोरचा प्राणी वेगळाच दिसायला लागलेला असतो. पाव किंवा अर्ध्या ताकदीवर ठेवा, जवळ जाऊ देईल तेवढे जवळ जा आणि लागोपाठ फ्रेम घेता येतील अशी तयारी ठेवा.

रंगपिशव्यांच्या खाली आणखी दोन प्रकारच्या पेशी असतात. एक चमकणाऱ्या, त्या पाहण्याच्या कोनाप्रमाणे निळ्या-हिरव्या झळकतात. दुसऱ्या पांढऱ्या, त्यांच्यावर जो प्रकाश पडेल तोच त्या परत फेकतात. निळ्या पाण्यात त्या निळसर दिसतात, हिरवट पाण्यात हिरवट. तुमच्या स्ट्रोबचा पांढरा प्रकाश पडला की त्या लख्ख पांढऱ्या होतात आणि फोटोत तिथले तपशील उडून जातात. ऑक्टोपस फिकट असेल तेव्हा एक्स्पोजर थोडं कमी ठेवायचं ते यासाठी.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. दहा मीटरवर तो जवळजवळ संपलेला असतो. ऑक्टोपसने जमवलेला वेष त्या निळसर प्रकाशातला असतो. फ्लॅश मारला की हरवलेला लाल परत येतो, आणि मघाशी दगडात विरघळलेला प्राणी कधीकधी दगडाहून वेगळा, चांगला तांबडाबुंद उठून दिसतो. म्हणून वेषांतराचा फोटो हवा असेल तर आधी एकदोन फ्रेम फ्लॅशशिवाय घ्या. त्याला शोधणाऱ्या माशाला काय दिसत असेल याच्या जवळपास जाणारा फोटो तोच. रंग दाखवायचे असतील तर मग फ्लॅश आहेच.

कातडीचा पोतही बदलतो. स्नायूंच्या जोरावर गुळगुळीत कातडीतून काटे, गाठी, पापुद्रे वर येतात आणि क्षणात पुन्हा सपाट होतात. समोरून सरळ प्रकाश टाकला तर ही सगळी उठाव असलेली कारागिरी सपाट होऊन जाते. एक स्ट्रोब बाजूला, थोडा मागे नेऊन तिरका प्रकाश टाकला की प्रत्येक काट्याला सावली मिळते.

या सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे ऑक्टोपसच्या डोळ्यात रंग ओळखायला लागणाऱ्या पेशींचा एकच प्रकार आहे. म्हणजे आपल्या अर्थाने तो रंगांधळा आहे. तरी भोवतालाशी इतका तंतोतंत जुळतो. २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या एका जातीवरच्या प्रयोगात दिसलं की तिची कातडी डोळ्यांच्या मदतीशिवायही प्रकाशाला प्रतिसाद देते. नुसत्या कातडीच्या तुकड्यावर उजेड पाडला तरी रंगपिशव्या पसरतात.

तो तुमच्याबद्दल काय म्हणतोय

पहिली अवस्था: बारीक ठिपक्यांची, भोवतालाशी जुळलेली नक्षी, अंगावर काटे, हालचाल शून्य. त्याने तुम्हाला पाहिलंय आणि आपण दिसत नाही आहोत अशी त्याची समजूत आहे. ही समजूत टिकू द्या. दोनतीन मीटरवरच थांबा, बॉयन्सी सांभाळा, म्हणजे एकाच पातळीवर तरंगत राहा, श्वास संथ ठेवा. रेग्युलेटरमधून सुटणाऱ्या बुडबुड्यांचा गडगडाट पाण्यात भरपूर होतो आणि ऑक्टोपसला खालच्या पट्टीतली कंपनं जाणवतात. या वेळात त्याची श्वासाची लय बघून ठेवा. डोक्यामागची पिशवी फुगते, मिटते आणि बाजूच्या नळीतून पाणी बाहेर पडतं. ही लय मनात धरली की पुढे ती वाढली तर लगेच कळतं. वाढली की थांबायचं. इतका साधा आणि इतका भरवशाचा इशारा दुसरा नाही.

त्यानंतर तो डोकं वरखाली करू लागेल. दोन वेगवेगळ्या उंचीवरून बघून तो तुमच्या अंतराचा अंदाज घेत असतो. हे कुतूहलाचं लक्षण आहे आणि इथे तुमचं नशीब उघडू शकतं.

अंग पांढरं, डोळ्याभोवती आणि भुजांच्या कडेला गडद किनार, कातडं पसरून आकार मोठा केलेला: ही भीती. लेखाच्या सुरुवातीचा तो ‘रुबाबदार’ फोटो. फार जवळ आलेल्या शत्रूला दचकवण्याचा हा शेवटचा उपाय असतो, यापुढे पळणं आणि शाई. या क्षणी कॅमेरा खाली करून हळूच मागे सरका. बरेचदा तेवढ्याने तो निवळतो आणि मग पुन्हा संधी मिळते. क्लिक करत पुढे गेलात तर मिळणारा फोटो आधीच हजारोंनी काढलेला आहे.

गडद रंग आणि उंच केलेलं अंग याचा अर्थ वेगळा. ऑस्ट्रेलियात जर्व्हिस बे इथे मॅथ्यू लॉरेन्स नावाच्या डायव्हरला २००९ साली एक जागा सापडली, जिथे शिंपल्यांच्या थरात बरेच ऑक्टोपस शेजारीशेजारी राहतात. एरवी एकलकोंड्या समजल्या जाणाऱ्या या प्राण्याची ही वस्ती पुढे ‘ऑक्टोपोलिस’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिथल्या चित्रणांतून डेव्हिड शील, पीटर गॉडफ्री-स्मिथ आणि लॉरेन्स यांनी २०१६ साली दाखवलं की भांडायला निघालेला ऑक्टोपस अंग काळंभोर करतो, उंच जागी उभा राहतो. समोरचाही तेवढाच काळा झाला तर मारामारी होते, आणि माघार घेणारा फिकट पडतो. दोन ऑक्टोपस समोरासमोर दिसले तर कोण जिंकणार हे रंगावरून आधीच कळतं, आणि कॅमेरा कुणावर रोखायचा तेही.

डे ऑक्टोपसच्या अंगावरून कधीकधी एक काळी लाट डोक्याकडून पुढे सरकत जाते, ढगाची सावली जमिनीवरून जावी तशी. अभ्यासक तिला ‘पासिंग क्लाउड’च म्हणतात. शिकार करताना, दबून बसलेल्या खेकड्याला हलायला भाग पाडण्यासाठी तो ही लाट सोडत असावा असं मानलं जातं. ही स्थिर फोटोत सापडत नाही. ती दिसू लागली की व्हिडिओ लावा.

आणि कधी एक भुजा हळूहळू पुढे येते आणि हाऊसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, काचेवर टेकते. हे घडतं तेव्हा मागे खेचू नका. भुजांवरच्या चूषकांमध्ये स्पर्शाबरोबर चवही कळणाऱ्या पेशी आहेत, हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०२० साली त्यांचं काम कसं चालतं ते उलगडलं. म्हणजे तो तुमचा कॅमेरा अक्षरशः चाखून बघतो. सामान्य ऑक्टोपसच्या सुमारे ५० कोटी चेतापेशींपैकी जवळपास दोन तृतीयांश भुजांमध्येच असतात, त्यामुळे प्रत्येक भुजा पुष्कळसं काम स्वतःच्या अकलेने करते. चाखून झालं की तो सोडतो. आपला उघडा हात मात्र पुढे करू नका. त्याला चोच आहे आणि लाळेत विष आहे.

सिॲटलच्या मत्स्यालयात मोठ्या पॅसिफिक ऑक्टोपसांवर एक प्रयोग झाला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. एकसारखा गणवेश घातलेल्या दोन माणसांपैकी एक त्यांना खायला देई, दुसरा खरखरीत काठीने टोचे. काही दिवसांत ऑक्टोपस दोघांना वेगवेगळं ओळखू लागले. डे ऑक्टोपस एकाच बिळात काही दिवस, कधी काही आठवडे राहतो. तेव्हा पहिल्या दिवशी नुसतं बसून यायचं आणि कॅमेरा दुसऱ्या दिवशी चालवायचा, हा हिशेब फायद्याचा आहे. अंदमानच्या चार दिवसांच्या सहलीत हे सुचवलं की लोक नाराज होतात, पण एकाच बिळाकडे पुन्हापुन्हा गेलेल्यांना मिळालेले फोटो बघा.

डोळा आणि उजेड

ऑक्टोपसची बाहुली आडव्या फटीसारखी असते, आणि तो अंग कसंही वळवो, ती क्षितिजाला समांतर राहते. डोक्यात तोल सांभाळणारं एक इंद्रिय आहे, त्याच्या इशाऱ्यावर डोळा फिरत राहतो. याचा फोटोग्राफरला दुहेरी उपयोग. एक, कॅमेरा तिरका झाला असेल तर फोटोत ती फट लगेच चुगली करते. दोन, फोकस कुठे ठेवायचा हा प्रश्न उरत नाही. बाहुलीच्या कडेवर ठेवा. भुजा धूसर झाल्या तरी चालतील. डोळे डोक्याच्या वर उचललेले असतात, म्हणून वरून फोटो काढू नका. त्याच्या डोळ्याच्या पातळीला या, मागे निळं पाणी घ्या.

रात्रीच्या डायव्हवर लाल फोकस लाइट वापरा. ऑक्टोपसची दृष्टी निळ्या-हिरव्या प्रकाशाला, ४७५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात संवेदनशील असते. लाल त्याला जवळजवळ जाणवत नाही. पांढरा टॉर्च सतत डोळ्यावर मारून ठेवला तर अंधाराला सरावलेली, मोठी झालेली बाहुली आकसते आणि तो आंधळ्यासारखा बिळात शिरतो. त्याच्या शिकारीची वेळ तुम्ही वाया घालवलेली असते.

झोपलेला ऑक्टोपसही कधी दिसतो. अंग फिकट, बाहुली अगदी बारीक फट, श्वास संथ. ओकिनावातल्या संशोधकांनी २०२३ साली एका छोट्या निशाचर जातीत दाखवलं की झोपेत साधारण तासातासाने मिनिटभर एक चंचल टप्पा येतो, ज्यात जागेपणीच्याच नक्ष्या अंगावरून सरसर उमटून जातात. असं काही समोर घडत असेल तर स्ट्रोब बंद करा आणि बघत राहा.

पाठलाग का करू नये

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांतून रक्त ढकलतात, तिसरं ते अंगभर फिरवतं. पोहायला लागला की हे तिसरं हृदय थांबतं. शिवाय त्याच्या निळ्या, तांबंयुक्त रक्ताची प्राणवायू वाहायची क्षमता आपल्या रक्ताच्या मानाने बरीच कमी आहे. म्हणून तो सहसा सरपटत जातो आणि नळीतून पाण्याचा झोत सोडून पळणं ही गोष्ट नाइलाजासाठी राखून ठेवतो. मागे फिन मारत गेलेला डायव्हर त्याला चांगलाच दमवतो. एक झेप, दुसरी झेप, तिसरीला तो कुठल्याही उघड्यावरच्या खडकाला चिकटून धापा टाकतो आणि तिथे मोरे ईल किंवा मोठ्या माशाच्या तोंडी सापडायला सोपा होतो. शाई म्हणजे मेलॅनिन आणि चिकट द्रव. तिचा एक घट्ट गोळा पाण्यात तरंगत राहतो, हल्लेखोर त्यावर झडप घालतो आणि तेवढ्यात हा निसटतो. शाईच्या ढगाचे फोटो मला बघवत नाहीत. ते कसे मिळाले हे त्या ढगातच लिहिलेलं असतं.

नळी कुठे वळली आहे याकडे लक्ष ठेवा. तिचं तोंड ज्या दिशेला, त्याच्या उलट दिशेला तो जाणार. त्याचा मार्ग मोकळा ठेवून बाजूला थांबलात तर तो पुष्कळदा पळतच नाही.

शिकारीत सामील व्हा

तुमच्याकडे दुर्लक्ष करून डे ऑक्टोपस शिकारीला निघाला की वाइड अँगल लेन्स असलेल्याची चांदी होते. तो एका प्रवाळाच्या गाठीवर भुजांमधलं कातडं पसरून आख्खी गाठ झाकतो आणि भुजांची टोकं आतल्या भोकांत खुपसून चाचपतो. या क्षणी अंग फिकट पडतं, पण ही भीती नव्हे. डोळ्याभोवती काळं कडं नसतं आणि अंग खडकाला घट्ट धरून असतं. इथे जवळ जाता येतं, कारण त्याचं लक्ष आत दडलेल्या खेकड्यावर असतं.

आता आजूबाजूला बघा. ग्रूपर, म्हणजे आपला हेकरू, एखाददुसरा गोटफिश, आणखी एकदोन मासे सोबत चाललेले असतील. ऑक्टोपस भोकात हात घालतो, आतून निसटलेलं माशांना मिळतं. तांबड्या समुद्रात केलेल्या चित्रणांवर आधारलेला एदुआर्दो संपायो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०२४ साली आला. त्यात दिसलं की गोटफिश पुढे राहून शिकारीच्या जागा हेरतात आणि टोळीने हलायचं की नाही, कधी हलायचं हे ऑक्टोपस ठरवतो. आयतं खायला टपलेल्या माशाला तो भुजेचा ठोसा लगावतो. या ठोशांवर त्याच गटाने २०२० साली लिहिलेलं आहे. सोबतचे मासे हीच फोटोग्राफरची खूण. लांबवर एक हेकरू खडकाजवळ उगाच घुटमळताना दिसला तर त्याच्या पोटाखाली बघा.

अशा वेळी मासे आणि ऑक्टोपस एकाच फ्रेममध्ये हवेत, म्हणून पुढच्या भागाला हलका फ्लॅश आणि मागच्या पाण्याला नैसर्गिक प्रकाश असं जुळवा. स्ट्रोबचा प्रकाश पाण्यात दीड-दोन मीटरच्या पुढे फारसा उपयोगाचा राहत नाही. पाणी गढूळ असेल तर दोन्ही स्ट्रोब लांब, कॅमेऱ्याच्या थोडे मागे न्या, नाहीतर मधला प्रत्येक कण चमकतो.

लेंबेहचे नामवंत

इंडोनेशियात सुलावेसीच्या उत्तर टोकाला लेंबेहची सामुद्रधुनी आहे. तळाला काळी ज्वालामुखी वाळू, प्रवाळ थोडं, पण विचित्र प्राण्यांचा सुकाळ. तिथे तीनचार ऑक्टोपससाठी जगभरचे फोटोग्राफर जातात.

नारळाच्या करवंट्या वापरणारा ऑक्टोपस त्यातला एक. तो करवंटी पोटाखाली धरून, भुजांवर उंच होऊन वाळूतून चालतो आणि गरज पडली की दोन अर्ध्या करवंट्या मिटून आत बसतो. पुढे लागेल म्हणून वस्तू वाहून नेण्याचं हे वागणं २००९ साली शास्त्रीय नियतकालिकात आलं. हाच प्राणी सहा भुजा अंगाला गुंडाळून मागच्या दोन भुजांवर चालतो, हे २००५ साली नोंदवलं गेलं. त्याला मुद्दाम बाटली किंवा प्लास्टिकचा कप देऊन फोटो काढून देणारे गाइड भेटतात. त्यांना स्पष्ट नाही म्हणा. आधीची करवंटी सोडून तो उघड्यावर येतो तेव्हा वाळूत लपायला त्याला दुसरं काही नसतं.

मिमिक ऑक्टोपस दिवसा उघड्या वाळूवर फिरतो आणि सगळ्या भुजा मागे जुळवून लेपा माशासारखा तळालगत पोहतो. समुद्री साप, लायनफिश यांच्याही नकला तो करतो असं अभ्यासकांनी २००१ साली लिहिलं. लेप्याची नक्कल सगळ्यात स्पष्ट दिसते. त्याच्यासारखाच पट्टेरी वंडरपस मात्र सूर्य उगवताना आणि मावळताना बाहेर येतो. २००६ साली त्याला शास्त्रीय नाव देताना अभ्यासकांनी दुसरा शब्द ठेवला ‘फोटोजेनिकस’. डायव्हरांनी त्याचे आधीच इतके फोटो काढलेले होते.

निळ्या कड्यांचा ऑक्टोपस तळहाताहून लहान असतो आणि त्याच्या विषावर उतारा नाही. हे विष, टेट्रोडोटॉक्सिन, स्नायू लुळे करतं, श्वास थांबतो. अशा वेळी विषाचा अंमल उतरेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहणं हाच जीव वाचवायचा मार्ग. या गटातल्या एका जातीची नोंद बंगालच्या उपसागरातूनही आहे, तेव्हा हे फक्त परदेशी पाण्याचं प्रकरण समजू नये. तो शांत असतो तेव्हा पिवळट-तपकिरी असतो आणि कडी जेमतेम दिसतात. सतावलं की कड्यांवरची झाकणं स्नायूंच्या ओढीने उघडतात आणि निळा रंग सेकंदाच्या आत लखलखतो. म्हणजे झगमगत्या निळ्या कड्यांचा प्रत्येक सुंदर फोटो हा इशारा दिल्याचा फोटो आहे. गाइडने काठीने डिवचून तो मिळवून दिला असेल तर तो फोटो मी कुणाला दाखवणार नाही.

अंड्यांवर बसलेली मादी

बिळाचं तोंड दगडांनी जवळजवळ बंद, आत छताला पांढऱ्या दाण्यांचे लोंबते घोस आणि त्यांच्यासमोर एक निस्तेज ऑक्टोपस. ही मादी आहे. डे ऑक्टोपसचं आयुष्यच वर्ष-सव्वा वर्षाचं असतं आणि त्यात ती एकदाच अंडी घालते. घोसांवर सतत पाण्याचा झोत सोडत, चूषकांनी ते साफ करत ती बसून राहते आणि खाणं सोडते. पिल्लं बाहेर पडतात त्याच सुमारास ती मरते. डोळ्यांमागच्या एका ग्रंथीच्या स्रावामुळे हे घडतं. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी ही ग्रंथी काढली तेव्हा मादीने अंडी सोडली, पुन्हा खायला लागली आणि जास्त जगली. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेजवळच्या खोल समुद्रात तर एका जातीची मादी तब्बल ५३ महिने त्याच अंड्यांवर बसलेली नोंदली गेली आहे.

तिच्याकडे पळून जाण्याचा मार्ग नसतो. दगड हलवू नका, स्नूट (स्ट्रोबवर बसणारी, प्रकाश एका जागी पाडणारी नळी) आत घालू नका, रांगेत पाच जणांनी फ्लॅश मारू नका. बाहेरून, दगडांच्या फटीतून, कमी प्रकाशात एकदोन फ्रेम घ्या आणि पुढे चला. ती सतावून पुढे आली तर मागे अंडी खायला टपलेले मासे असतात.

फोटो घरी आल्यावर

वंडरपसच्या अंगावरची पांढऱ्या डागांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते आणि फोटोवरून एकेक प्राणी ओळखता येतो, हे २००८ साली सिद्ध झालं. २०२२ साली समुद्रातल्या कचऱ्यात राहणाऱ्या ऑक्टोपसांवरचा एक अभ्यास आला, तो पाण्याखाली काढलेल्या २६१ फोटो-चित्रणांवर उभा होता आणि त्यात २४ जातींनी बाटल्या, डबे, कप यांचा आसरा घेतलेला दिसला. ऑक्टोपोलिस सापडलं तेही एका डायव्हरला. या प्राण्यावर समुद्रात प्रत्यक्ष नजर ठेवणारे लोक फार थोडे आहेत आणि त्यातले बरेचसे कॅमेरेवाले आहेत.

म्हणून फोटोबरोबर तारीख, वेळ, खोली, तळ कसला होता आणि तो काय करत होता हे लिहून ठेवा. रंग दुरुस्त करण्याआधीची मूळ फाइल जपा. सोबतचे मासे कापून टाकू नका, उकिरड्याचाही एक फोटो असू द्या. त्याने काय खाल्लं ते त्यावरून कळतं. डायव्हची जागा लिहा, पण अंड्यांवर बसलेल्या मादीचं बीळ असेल तर नेमकी जागा कुणालाही सांगू नका. दुसऱ्याच दिवशी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होते, आणि ती जागा सोडून जाऊ शकत नाही.